वकिलासमोर नको

आमच्या मजल्यावर दोनच दारं आहेत. एक माझं आणि समोरचं कृपयाबाईंचं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. बसस्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून त्या गाड्यांच्या घोषणा करतात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," इथून सुरू होणारा तो आवाज गावातल्या प्रत्येक माणसाच्या कानात कधी ना कधी गेलेला आहे. चेहरा मात्र कोणाला ठाऊक नाही. त्या मंडईत "टोमॅटो कसे दिले?" एवढंच विचारतात आणि शेजारचा माणूस दचकून पायाजवळची बॅग उचलतो.

असा हा गावभर घुमणारा आवाज घरात मात्र नवऱ्यापुरता बंद होता.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात बसतात. बसस्टँडच्या समोरच दुकान आहे, म्हणजे बायकोचा आवाज त्यांना दिवसभर फुकट ऐकायला मिळायचा, फक्त त्यातलं काहीच त्यांच्यासाठी नसायचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट बसवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" हा त्यांचा धंदा. माणूस स्वभावाने गरीब आहे. विनोद करायची सवय आहे, एवढा एक दोष सोडला तर.

अबोला म्हणजे भांडण नव्हे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, डबा भरलेला असायचा, विजेचं बिल भरलं जायचं. नातेवाइकांकडे दोघं जोडीने जायचे आणि फोटोत शेजारी शेजारी उभे राहायचे. फक्त बोलायचे नाहीत. सुरुवातीला जड गेलं असणार. प्रेमाचं बोलणं वगळता येतं, पण गॅस संपलाय हे घरात कोणी तरी कोणाला तरी सांगावंच लागतं.

मग कुत्रा आला. बसस्टँडच्या मागच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक लोकांना तो एका गाडीखाली सापडला. तपकिरी रंगाचं, ग्रीसने माखलेलं पिल्लू. कृपयाबाईंनी ते पर्समध्ये घालून घरी आणलं, स्वयंपाकघरात खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "सांग त्यांना, पिल्लू आणलंय. पसंत नसेल तर तसं सांगा म्हणावं."

चष्मेवाल्यांनी पेपर खाली घेतला. बायकोकडे नाही, पिल्लाकडे बघितलं. "सांग तिला, मला काय करायचंय! पण गादीवर चढायचं नाही म्हणावं."

पिल्लू त्याच रात्री गादीवर झोपलं, आणि तेव्हापासून त्या घरातली सगळी बोलणी त्याच्यामार्फत होऊ लागली.

"सांग त्यांना, शर्टाचं बटण तुटलंय, तो घालू नका."

"विचार तिला, माझा दुसरा शर्ट कुठे आहे."

"सांग त्यांना, जिथे असतो तिथेच."

कुत्रा मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचा. चष्मेवाल्यांच्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, एकदा दोन दिवस राहून हा प्रकार बघितला आणि जाताना म्हणाल्या, "हा कुत्रा नाही, वकील आहे. दोन्ही पक्षांकडून खातो." वकील हे नाव तिथूनच पडलं. वकील म्हणून तो अतिशय चोख होता. दोघांचंही नीट ऐकून घ्यायचा आणि इकडचं तिकडे काहीही पोचवायचा नाही.

वर्षं गेली. वकील वाढून वासराएवढा झाला. जिना चढताना त्याचा धक्का लागून माझ्या हातातले साचे दोनदा पडले आहेत. मी घरी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर मापं पाठवतात, मी दात बसवून देते. पडलेला साचा पुन्हा करावा लागतो, पण वकिलावर रागावता यायचं नाही, कारण तो लगेच बसून आपलं सगळं ऐकून घ्यायच्या तयारीत मान तिरकी करायचा.

तो लंगडायला लागला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. मुरगळला असेल पाय. कृपयाबाईंनी शेकलं, चष्मेवाल्यांनी मलम चोळलं, दोघांनीही एकमेकांच्या नकळत. पुढच्या डाव्या पायाला खांद्याखाली सूज आली आणि तो रात्रभर कण्हायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. फोटो काढले. जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेली, गुडघ्यावर प्लास्टरचा डाग. तिने हाडाच्या फोटोवर पेन ठेवून दाखवलं. हाड तिथे हाडासारखं दिसत नव्हतं, वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं. पाय काढावा लागेल, म्हणाली. हाड आतून पोखरलंय, कधीही मोडेल, आणि याला जे दुखतंय ते औषधाने थांबणारं नाही.

हा निर्णय त्यांनी वकिलामार्फतच घेतला. दवाखान्याच्या बाकावर तो दोघांच्या मध्ये आडवा पडला होता.

"सांग त्यांना, दुखणं थांबत असेल तर काढू देत."

"सांग तिला, हो."

एवढं झालं आणि पाय गेला.

नंतर काय होणार याची दोघांनी इतकी धास्ती घेतली होती की चष्मेवाल्यांनी दिवाणखान्यात सगळीकडे चटया पसरल्या, कृपयाबाईंनी आठ दिवसांची रजा टाकली. वकील घरी आला, पहिल्या दिवशी झोपला, दुसऱ्या दिवशी उठला, एकदा तोंडावर आपटला आणि तिसऱ्या दिवशी तीन पायांवर उड्या मारत माझ्या दारात येऊन उभा राहिला. आपल्याला काय झालंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि त्याने ते सोडून दिलं होतं, मला सांगता येणार नाही. कृपयाबाई चटयांवरून घसरून पडल्या, त्यांना आठवडाभर कंबर शेकावी लागली.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरणीने दोघांना समोर बसवलं. कॅन्सर आहे, हाडाचा. पाय काढला म्हणजे मुख्य गाठ गेली. छातीचा फोटो स्वच्छ आहे. पण या रोगाचे दाणे बहुतेक वेळा आधीच रक्तातून पुढे गेलेले असतात, फोटोत न दिसण्याइतके बारीक.

"आता ठरवायचं ते केमोचं," ती म्हणाली. "नाही दिली, तर अर्ध्याअधिक कुत्र्यांना काही महिने मिळतात. चांगले महिने, दुखणं नसलेले. दिली, तर साधारण वर्ष. काहींना जास्त, काहींना नाही. बरा होईल असं मी म्हणणार नाही, कारण तसं बहुतेक वेळा होत नाही."

"केस जातील त्याचे?" कृपयाबाईंनी विचारलं. नंतर त्या मला म्हणाल्या, इतकं महत्त्वाचं ऐकल्यावर माझ्या तोंडून केसांचं कसं निघालं कोण जाणे.

"कुत्र्यांना माणसांइतका त्रास होत नाही. डोस तसाच बेतलेला असतो. केस सहसा जात नाहीत. एखादा दिवस उलट्या, खाणं कमी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून जपावं लागतं. तीन तीन आठवड्यांनी, पाच वेळा, सलाईनमधून द्यायची. पण सुरू करायची तर टाके निघाले की लगेच. फार दिवस घालवले तर फायदा राहत नाही." तिने फाईल मिटली. "दोघांनी बोलून ठरवा आणि मला कळवा."

दोघांनी बोलून. बिचारीला काय माहीत! दोघांनी एकदमच खाली वकिलाकडे बघितलं. वकील टेबलाच्या पायाला चाटत होता.

पैशाचा प्रश्न आला नाही, ही त्यातल्या त्यात वाईट गोष्ट. ताईंनी सरळ सांगितलं होतं की काय लागेल ते सांगा, आणि घरातही शिल्लक होती. पैसे नसते तर निर्णय आपोआप झाला असता आणि दोघांनाही परिस्थितीला दोष देऊन मोकळं होता आलं असतं.

घरी आल्यावर कृपयाबाईंनी सुरुवात केली. वकील मध्ये बसला होता. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतायत ना, नाही दिली तर..." आणि थांबल्या. वकील मान तिरकी करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, तू किती दिवस राहशील याचं काय करायचं ते विचार त्यांना? त्यांनी भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने चष्मेवाल्यांनीही "विचार तिला..." एवढं म्हटलं आणि पुढे म्हणाले, "...चहा होतोय का." चहा ओट्यावर तयारच होता.

घरात आता खरोखरचा अबोला सुरू झाला. आधीचा नुसता दिखाऊ होता हे तेव्हा कळलं.

कृपयाबाईंनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी ताईंना फोन लावला. चष्मेवाल्यांनीही दुकानातून ताईंनाच फोन लावला. त्या घरात निरोप्याची जागा रिकामी झाली होती आणि ताईंना त्या जागेची फार दिवसांपासून आवड होती.

"दादा काय म्हणतोय ते सांगू का वहिनी?" ताई कृपयाबाईंना म्हणाल्या. "त्याला द्यायची आहे. तो बोलणार नाही, पण त्याच्या मनात तेच आहे."

आणि भावाला म्हणाल्या, "वहिनींना द्यायची आहे रे. त्यांना आता मोडता घालू नकोस. आधीच काय ते कमी झालंय का तुमच्यात?"

दोघांपैकी कोणीही तसं म्हटलेलं नव्हतं. पुढे हे उघड झालं तेव्हा मीच ताईंना विचारलं, असं खोटं का बोललात म्हणून. त्या म्हणाल्या, "खोटं कसलं? दोघांच्याही मनात तेच होतं, फक्त त्यांना माहीत नव्हतं." ताईंच्या स्वतःच्या मनात काय होतं हे मात्र पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

दरम्यान सगळ्या इमारतीने या केसमध्ये लक्ष घातलं. वॉचमन म्हणाला, मुका जीव, कशाला छळता. वरच्या मजल्यावरच्या मुलीने मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या तीन पायांच्या कुत्र्याचा व्हिडिओ दाखवला, तो समुद्रात पोहत होता. सगळ्यात अधिकाराने बोलू शकले असते ते तळमजल्यावरचे मास्तर, कारण त्यांनी स्वतः केमो घेतली होती. त्यांची कवळी माझ्याच हातची आहे. एकदा जिन्यात चष्मेवाल्यांनी त्यांना गाठलं, मी मागेच होते.

"मास्तर, तुम्ही सांगा. तुम्हाला अनुभव आहे."

मास्तरांनी वकिलाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी घेतली म्हणून आज तुमच्याशी बोलतोय," ते म्हणाले.

"म्हणजे द्यावी."

"पण ते सहा महिने माझे नव्हते हो. ते मुलांचे होते. घ्यायची का म्हणून मला कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मी आपला हात पुढे केला."

"म्हणजे देऊ नये?"

"विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो," मास्तर म्हणाले, "पण विचारायला हवं होतं." आणि दार लावून घेतलं. चष्मेवाले वकिलाकडे बघत कितीतरी वेळ जिन्यात उभे होते. त्याला विचारायचं कसं, याच विचारात असावेत.

टाके निघायचा दिवस जवळ आला. रविवारी जेवणं झाल्यावर माझ्या दारावर टकटक झाली. कृपयाबाई उभ्या होत्या, हातात वकिलाचा पट्टा.

"याला जरा वेळ ठेवशील का गं तुझ्याकडे?"

"ठेवते की. कुठे निघालात?"

"कुठे नाही. आम्हाला जरा बोलायचंय." आणि आवाज एकदम खाली आणून, जणू पायाशी उभ्या वकिलाला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाल्या, "याच्यासमोर नको."

मी वकिलाला आत घेतलं. माझ्या कामाच्या खोलीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. मी कान लावला नाही. लावायची गरज नाही अशी ती भिंत आहे. वकील टेबलाखाली आडवा झाला, मी मेणात दात बसवत राहिले. पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खुर्ची सरकली. पुढचं अर्धं मी ऐकलं, अर्धं नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं. आश्चर्य म्हणजे ते जुळलं.

"ऐकताय का?" कृपयाबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी सवयीने कोपऱ्यातल्या चटईकडे बघितलं.

"तो नाहीये तिथे. तुम्हालाच विचारतेय."

"हो. ऐकतोय."

"मग काय करायचं?"

"तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणते ते तुम्हाला कुठे माहीत आहे?"

"म्हणूनच म्हणतोय, सांग."

"तुम्ही आधी सांगा."

इथे चष्मेवाल्यांना त्यांच्या धंद्याने दगा दिला. घाबरला माणूस की हात आपोआप ओळखीचं काम करायला लागतात, तसं त्यांचं तोंड करायला लागलं. "हे बघ," ते म्हणाले, "डोळे मीट. एक, द्यायची. एक, नाही द्यायची. पटकन सांग, हे बरं, की हे बरं?"

"तो चष्मा आहे का?" कृपयाबाई म्हणाल्या, आणि तो आवाज घरातला नव्हता, स्टँडवरचा होता. खाली मास्तरांनी टीव्ही बारीक केला. "इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते ह्यासाठी? कुठल्याही गोष्टीची थट्टा! त्या दिवशीही तेच!"

"कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवसापासून मी बोलणं टाकलं त्या दिवशी."

"त्यात थट्टा कसली? मी तुला न विचारता तुझी स्कूटर विकली हे चुकलंच माझं. पण ती बंदच पडली होती गं."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"कुठली स्कूटर?"

"तुझी. निळी."

"त्या स्कूटरशी काय संबंध? गेली ते बरंच झालं. उतारावर ब्रेक लागायचा नाही तिचा." मग एकेक शब्द सुटा करून, फलाट क्रमांक सांगावा तसं, त्या म्हणाल्या, "भाच्याच्या पार्टीत, सगळ्यांसमोर, तुम्ही म्हणालात, 'स्टँडवर हिला बटण आहे, दाबलं की बंद. घरी ते बसवायचं राहून गेलं.' आणि सगळे हसले. ताई हसल्या. पाणी द्यायला आलेला माणूससुद्धा हसला."

"असं मी म्हणालो?"

"म्हणालात."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय ना!"

चष्मेवाल्यांनी विचार केला. इतकी वर्षं त्यांनी स्कूटरची शिक्षा निमूटपणे भोगली होती. त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना माफी मागायची होती, अगदी मनापासून. पण तोंडातून निघालं ते असं: "विनोद म्हणून बरा होता मात्र."

काही तरी पडलं. पातेलं असावं. त्यानंतर दोघं एकदम बोलायला लागले, आणि साठलेलं सगळंच एकदम यायला लागलं: ताईंचं सारखं येऊन राहणं, भिंतींना दिलेला पिवळा रंग, वडिलांच्या आजारपणात कोण किती जागलं, रविवारची झोप. मध्येच वकिलाचं नाव यायचं आणि पुन्हा दुसरंच सुरू व्हायचं. इतक्या वर्षांचं थकलेलं भांडण होतं, पटकन कसं फिटणार?

माझ्या टेबलाखाली वकील उठून बसला. कान ताठ. त्याने त्या दोघांना एकमेकांशी बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. तो तीन पायांवर उड्या मारत दाराशी गेला आणि दार खरवडायला लागला. मी समजूत घातली, बिस्किट दाखवलं. कशालाही बधेना. शेवटी मी दार उघडलं. समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते त्याने डोक्याने ढकललं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन दोघांच्या मध्ये, आपल्या जागेवर बसला.

दोघं गप्प झाले. मी दारातच उभी होते. चष्मेवाल्यांचे डोळे ओले होते, कृपयाबाईंचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवावं लागलं.

"करू या," चष्मेवाले म्हणाले. बायकोकडे बघून.

"करू या," त्या म्हणाल्या.

काय करू या, हे वकिलासमोर कोणीच उच्चारलं नाही.

अशी केमो सुरू झाली. पहिल्या दोन वेळांना काहीच झालं नाही. वकिलाला दवाखाना आवडायला लागला, कारण तिथली नर्स सलाईन चालू असताना त्याच्यासमोर उकडलेली अंडी धरायची. दोन दिवस त्याच्या लघवीतून औषध जातं म्हणून हातमोजे घालून पुसायला सांगितलं होतं. चष्मेवाले भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे कोपरापर्यंत चढवून, गॅलरीत गुडघ्यांवर बसून पुसायचे. कृपयाबाई दारातून सूचना करायच्या, "कोपऱ्यात. डावीकडे. अहो, डावीकडे!" सांग त्यांना वगैरे गळून पडलं होतं. त्याचा वकिलाला त्रास झाला असावा. त्याच्याशी आता कमी बोललं जायचं. दोघं बोलायला लागले की तो सवयीने मध्ये येऊन बसायचा, मान इकडे तिकडे करायचा, आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही असं कळलं की उसासा टाकून गादीवर जायचा.

तिसऱ्या वेळी मात्र हाल झाले. तो दीड दिवस ओकत होता, नंतर खायला तोंडच उघडेना. नाक गरम, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरणीने दाखल करून घेतलं, रक्त तपासलं, पेशी फारच खाली गेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर कृपयाबाईंचा बांध फुटला.

"मला द्यायचीच नव्हती ही! मी तुमच्यासाठी हो म्हटलं."

"माझ्यासाठी?" चष्मेवाले उठून उभे राहिले. "अगं, मी तुझ्यासाठी म्हटलं! मला तर पहिल्यापासून वाटत होतं, नको."

"ताई म्हणाल्या, तुमची इच्छा आहे."

"मला म्हणाली, तुझी आहे."

दोघांनी ताईंना फोन लावला. ताईंनी उचलला नाही. त्यांना अशा वेळी फोन न उचलण्याचं उपजत ज्ञान आहे.

आता खरं तर सगळं सोपं झालं होतं. दोघांनाही नको होतं, दोघांनी ते मोठ्याने कबूल केलं होतं, थांबायला कोणाची आडकाठी नव्हती. चौथ्या दिवशी वकील उठला, सलाईनची पट्टी दाताने ओढून काढली आणि नर्सच्या खिशात नाक घातलं. डॉक्टरणीने विचारलं, "पुढचं काय? थांबवू या का? डोस कमी करूनही देता येईल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "कमी करून द्या," कृपयाबाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी मान हलवली. का, असं मी विचारलं तर चष्मेवाले म्हणाले, आता अर्धं झालंय ना. कृपयाबाई म्हणाल्या, आता माझं मलाच वाटलं म्हणून. ही दोन्ही उत्तरं एकाच निर्णयाची आहेत, आणि ती त्यांनी एकाच वेळी, माझ्याच सोफ्यावर बसून दिली.

राहिलेल्या दोन्ही वेळा ठीक गेल्या. मग औषध संपलं आणि नुसतं जगणं उरलं. वकील त्या उन्हाळ्यात बसस्टँडवर जायचा, केबिनमध्ये कृपयाबाईंच्या पायाशी झोपायचा. एकदा घोषणेच्या मध्येच त्याने जांभई दिली ती सगळ्या फलाटांवर ऐकू गेली. अधिकाऱ्यांनी कारणे दाखवा नोटीस दिली. कृपयाबाईंनी कारण दाखवायला वकिलालाच नेलं. तीन पायांवर कार्यालयाचा जिना चढून तो साहेबांच्या टेबलाखाली जाऊन झोपला, आणि साहेबांनी ते प्रकरण तसंच राहू दिलं.

वर्ष उलटून गेलं. पुढच्या थंडीत त्याला खोकला झाला. यावेळी दोघांनाही फोटो काढायच्या आधीच कळलं होतं. छातीत पांढरे गोळे दिसत होते. डॉक्टरीण काही पर्याय सांगायला लागली, दुसरं एक औषध आहे, कधी कधी... चष्मेवाल्यांनी हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "नको ना गं?"

"नको," कृपयाबाई म्हणाल्या. "श्वासाला त्रास व्हायच्या आधी सांगा आम्हाला, एवढंच."

वकील तिथेच बसला होता, दोघांच्या मध्ये. यावेळी त्याच्यासमोरच बोलले. काही आठवड्यांनी, सकाळी, घरीच, गादीवर डॉक्टरणीने त्याला इंजेक्शन दिलं. मी दारात उभी होते. आत जायचं धैर्य मला झालं नाही.

मला वाटत होतं, आता हे घर पुन्हा मुकं होणार. तसं झालं नाही. उलट इतकं बोलतात की मला खिडकी लावून काम करावं लागतं. मात्र नवीन कुत्रा आणायचा नाही यावर दोघांचं एकमत आहे.

परवा डॉक्टरणीने एका माणसाला त्यांच्याकडे पाठवलं होतं. तरुण होता, हातात फाईल, बूट काढताना तोल गेला त्याचा. त्याच्या कुत्रीचा मागचा पाय काढला होता, आता पुढचं ठरवायचं होतं. मी पातेलं परत द्यायला गेले होते, बसले. कृपयाबाईंनी त्याला सगळं सांगितलं: अंडी, मोजे, उलट्या, नोटीस. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पण मग आम्ही द्यावी की नाही?"

चष्मेवाले पुढे सरकले. "खाते का नीट?"

"हो. सकाळी जरा कमी. पण माझ्या आईने दिलं तर सगळं खाते." आणि तो सांगायला लागला. आई आणि कुत्री यांचं कसं आहे, आई तिला काय हाक मारते, आपल्याला घरात कोणी कसं विचारत नाही. चहा गार झाला. निघताना त्याने दोघांचे खूप आभार मानले. कशाबद्दल, ते मला कळलं नाही. द्यावी की नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने पुढे काय ठरवलं, तेही कळलं नाही.

तो जिना उतरला न उतरला तोच चष्मेवाले म्हणाले, "तू त्याला उलट्यांचं इतकं रंगवून कशाला सांगितलंस?"

"मग काय खोटं सांगायचं? आणि तुम्ही त्याला मध्येच खाण्याचं काय विचारलंत? तो द्यावी का ते विचारत होता."

"अगं, पण..."

मी माझ्या घरी आले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत एक कवळी पोचवायची होती, आणि तिचा खालचा एक दात अजून सरळ बसत नव्हता.